पहिली मुशा-ए प्रिंट घेताय? आधी हे वाचा: जपानी ठशांमधला योद्धा ओळखायचा कसा आणि फसायचं टाळायचं कसं

टोकियोला कामासाठी आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक प्रिंट विकत घेतली. होडीच्या टोकाशी उभा असलेला चिलखतातला योद्धा, धनुष्य कानापर्यंत ताणलेलं, नजर उजवीकडे, आणि बाण सुटणार त्या क्षणी कागद संपतो. दुकानदार म्हणाला १८४० च्या दशकातली, कुनियोशी नावाच्या चित्रकाराच्या शाळेतली. मी एवढी हरखून गेले होते की एकही प्रश्न विचारला नाही, पैसे दिले आणि घरी आणली. पुढे वर्षभरात एकेक करून कळत गेलं की ती १८४० च्या दशकातली नाही, ती पूर्ण चित्रच नाही, आणि तो योद्धा कोणावर बाण सोडतोय हे ठाऊक नसेल तर चित्राचा अर्धा जीव हातातून निसटतो. ती प्रिंट आजही माझी सगळ्यात लाडकी आहे, पण तेव्हा जे माहीत नव्हतं ते तुम्हाला दुकानात शिरायच्या आधी माहीत असावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

अगदी नवीन असाल तर दोन ओळी. एदो काळात (१६०३ ते १८६८) लाकडी ठशांवरून छापलेली जी रंगीत चित्रं शहरातल्या सामान्य लोकांसाठी विकली जायची त्यांना उकियो-ए म्हणतात, आणि त्यातला योद्ध्यांचा प्रकार म्हणजे मुशा-ए. मुशा म्हणजे योद्धा, ए म्हणजे चित्र. आपल्याला होकुसाईची लाट माहीत असते, हिरोशिगेचा पाऊस माहीत असतो, पण एदोतली (म्हणजे आजच्या टोकियोतली) पोरंटोरं आणि कारागीर ज्या चित्रांसाठी दुकानासमोर गर्दी करायचे त्यात ही योद्ध्यांची चित्रं खूप वरच्या नंबरावर होती.

१. आधी नुसतं बघायला जा, पैसे घरी ठेवून

हे मनापासून सांगतेय, पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. टोकियोत असाल तर हाराजुकूचं ओता मेमोरियल म्युझियम फक्त उकियो-एचंच आहे, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. तिथे कायमचं प्रदर्शन नसतं, चित्रं उजेडाने उडतात म्हणून ते सारखी बदलत राहतात, त्यामुळे जायच्या आधी वेबसाइटवर विषय आणि तारखा दोन्ही बघा, मध्ये मांडणी बदलायला बंद असतं. जपानबाहेर असाल तर लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स यांचे प्रचंड संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतात, झूम करून अगदी कागदाचे धागे दिसेपर्यंत. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचा डेटाबेस आहे तोही खजिना आहे, जरा किचकट वाटतो पण सवय होते.

आणि सुरुवात कुनियोशीपासून करा. उतागावा कुनियोशी (मृत्यू १८६१) हा एका कापड रंगवणाऱ्याचा मुलगा, तोयोकुनीकडे शिकला, बरीच वर्षं कोणी विचारत नव्हतं, आणि मग १८२७ च्या सुमारास त्याने सुइकोदेनचे वीर काढायला घेतले आणि एका झटक्यात नाव झालं. सुइकोदेन म्हणजे चीनमधली १०८ बंडखोरांची जुनी कादंबरी, तिचं जपानी भाषांतर तेव्हा फार लोकप्रिय होतं. कुनियोशीने एकेका कागदावर एकेक वीर असा काढला की कागद फाडून बाहेर येईल, पिळदार स्नायू, फुटणाऱ्या लाटा, आणि अंगभर गोंदण. ते गोंदण बघून एदोतल्या मजुरांनी आणि आग विझवणाऱ्या गड्यांनी आपल्या अंगावर तसलंच गोंदवून घेतलं, आजच्या जपानी टॅटूवरसुद्धा त्याचा ठसा आहे. लोक त्याला 'मुशा-एचा कुनियोशी' म्हणायला लागले. सगळे १०८ काही पूर्ण झाले नाहीत, पण जे आहेत ते बघताना माझे तरी तास कुठे जातात कळत नाही.

२. चित्र बघायच्या आधी कागदावरची अक्षरं शोधा

प्रिंट हातात आली की आपण थेट चेहऱ्याकडे बघतो. सवय लावून घ्या, आधी कडा आणि कोपरे. जपानी वाचता आलं नाही तरी चालेल, कुठे काय असतं हे माहीत असलं की फोनच्या भाषांतर अॅपने निम्मं काम होतं (जुनी वळणदार अक्षरं अॅपला जमत नाहीत, तेवढं गृहीत धरा).

बहुतेक वेळा वरच्या बाजूला एक सजवलेली चौकट असते, तिच्यात मालिकेचं नाव. तिच्या शेजारी किंवा योद्ध्याच्या डोक्याजवळ छोट्या चौकटीत योद्ध्याचं नाव. खाली कडेला चित्रकाराची सही, तिचं शेवटचं अक्षर बहुधा 'गा' किंवा 'हित्सु' असतं, म्हणजे 'याने काढलं'. सहीच्या आसपास प्रकाशकाचं चिन्ह आणि सेन्सॉरचा शिक्का. कधी कधी कोरणाऱ्या कारागिराचंही नाव छोट्या चौकटीत असतं, ते दिसलं की मला फार बरं वाटतं, कारण ही चित्रं एकट्या चित्रकाराची नसतातच. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करायचा, तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून कोरणारा आरपार कोरायचा म्हणजे मूळ रेखाटन तिथेच संपायचं, मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, मग छापणारा ओलसर कागद त्यावर ठेवून बारेन नावाच्या चपट्या गोल गादीने मागून घासायचा. आणि पैसा, धोका, विक्री सगळं प्रकाशकाचं.

सहीबद्दल एक उपयोगी खूण. कुनियोशी बरेचदा 'इचियूसाई कुनियोशी गा' अशी सही करायचा, त्यातल्या 'यू' अक्षराचा अर्थच शौर्य. त्याच्या शिष्यांनी गुरूच्या नावातलं 'योशी' घेतलं, योशितोशी, योशिइकू, योशित्सुया, योशिकाझू, आणि ते सगळे तेच अक्षर वापरतात. म्हणजे हे एकच अक्षर डोळ्यात बसवलंत तर 'ही त्या घराण्यातली' एवढं लांबून कळतं. पण सापळाही इथेच आहे, विकणारे 'कुनियोशी स्कूल' असं मोघम लिहून कुठल्यातरी शिष्याचं काम गुरूच्या कामाच्या किमतीला विकतात. पूर्ण सही वाचून घ्या.

३. शिक्क्यावरून साल काढा (हे जमलं की अर्धं युद्ध जिंकलं)

सरकारच्या परवानगीशिवाय छापायला बंदी होती आणि परवानगीचा शिक्का ठशातच कोरलेला असायचा. शिक्क्याची पद्धत दर काही वर्षांनी बदलली, म्हणून आज आपल्याला साल काढता येतं. माझ्या वहीत हे असं लिहिलंय:

- १७९१ च्या आसपास ते १८४२: एकच छोटा गोल शिक्का, त्यात एक अक्षर, 'किवामे' म्हणजे मंजूर
- १८४३ ते १८४७: तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचा एक शिक्का
- १८४७ ते १८५२: अशाच नावांचे दोन शिक्के शेजारी शेजारी
- १८५२-५३: दोन नावं आणि शिवाय तारखेचा तिसरा
- १८५३ ते १८५७: 'आरातामे' (म्हणजे तपासलं) हा शिक्का आणि वेगळा तारखेचा
- १८५८: फक्त तारखेचा
- १८५९ ते १८७१: आरातामे आणि तारीख एकाच गोलात
- १८७६ पासून: कडेला छापलेली तारीख आणि चित्रकार-प्रकाशकाचे नावपत्ते, शिक्का नाही

तारखेच्या शिक्क्यात साल आकड्यात नसतं, बारा प्राण्यांच्या चक्रातला एक प्राणी आणि महिन्याचा आकडा असतो. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर या क्रमाने. आता बारा वर्षांनी प्राणी परत येतो, म्हणजे उंदीर बघून १८५२ पण वाटेल आणि १८६४ पण. घाबरू नका, शिक्क्याचा आकार सोबत बघा: उंदराबरोबर दोन नावांचे शिक्के असतील तर १८५२, एकाच गोलात आरातामे असेल तर १८६४.

माझ्या धनुर्धाऱ्याचा शिक्का मी घरी आणल्यावर भिंगातून पाहिला. एकच गोल, आत आरातामे, खाली कुत्र्याचं अक्षर. म्हणजे १८६२. दुकानदाराने सांगितलेल्या काळानंतर पंधरा-वीस वर्षांनी, कुनियोशी वारल्यानंतर छापलेली. खोटं बोलला की त्याला माहीत नव्हतं ते सोडा, दोन मिनिटं शिक्का बघितला असता तर मलाच कळलं असतं.

४. योद्धा कोण आहे? चेहरा नाही, सामान बघा

चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, सगळेच भुवया चढवून डोळे वटारलेले असतात. ओळख असते ती कुळाच्या चिन्हात (जपानीत मोन म्हणतात), हत्यारात आणि प्रसंगात.

दोन चिन्हं आधी पाठ करा. बाराव्या शतकात मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांचं युद्ध झालं, ११८० ते ११८५, आणि मुशा-एमधले निम्मे प्रसंग तिथलेच आहेत. फुलपाखरू दिसलं तर ताइरा. पाच पानं खाली आणि वर तीन छोटी फुलं दिसली तर मिनामोतो. झेंड्यांचा रंगही बघा, मिनामोतोंचे पांढरे, ताइरांचे लाल.

मग माणसं. मिनामोतोंचा धाकटा वीर योशित्सुने, सडपातळ, देखणा, आणि लहानपणच्या चित्रात पुलाच्या कठड्यावर हलकेच उडी मारून उभा. त्याच्यासमोर धिप्पाड संन्यासी, पाठीला हत्यारांचा भारा, हातात लांब दांड्याचं पातं, तो बेनकेई. क्योतोच्या गोजो पुलावर हे दोघं लढले, बेनकेई हरला आणि मरेपर्यंत त्याचा सेवक झाला. ही जोडी कळली की शंभर प्रिंट कळल्या असं समजा.

समुद्रात उभा, अंगाला जहाजाचा नांगर बांधलेला किंवा नांगर उचललेला, तो ताइरा तोमोमोरी, ११८५ मध्ये दान्नोउराच्या लढाईत बुडालेला, आणि पुढच्या प्रसंगात लाटांवरून भूत होऊन येणारा. पाण्यात घोडा घालून दूरच्या होडीवरच्या पंख्यावर नेम धरणारा, नासु नो योइची. घोड्यावरची बाई, केस मोकळे, हातात शत्रू, बहुधा तोमोए गोझेन, पण 'बहुधा'च, लढणाऱ्या बायका अजूनही आहेत, नाव वाचल्याशिवाय ठरवू नका.

पाण्यावर तरंगणारं अर्धं शेवंतीचं फूल, कुसुनोकी मासाशिगे, १३३६ मध्ये मिनातोगावाला हरणार हे माहीत असून सम्राटासाठी लढायला गेलेला. चार छोट्या शंकरपाळ्यांची मिळून एक मोठी शंकरपाळी असं चिन्ह, ताकेदा शिंगेन, आणि तो बसल्या जागी लोखंडी पंख्याने घोडेस्वाराची तलवार अडवताना दिसला तर घोड्यावर उएसुगी केनशिन, लढाई कावानाकाजिमाची, १५६१. लाल अंगाचं गुटगुटीत पोर, अस्वलाशी कुस्ती किंवा मोठा मासा मिठीत, किंतारो, हा मोठा होऊन राक्षस मारणाऱ्या योरिमित्सूच्या चार साथीदारांपैकी एक होतो.

वाघ दिसला की सगळे एकच नाव घेतात, आणि हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा. उंच टोकदार शिरस्त्राण, हातात भाला आणि वाघ, तर कातो कियोमासा, त्याच्या कपड्यावर सापाच्या डोळ्यासारखं जाड कडं असतं. पण चिनी कपडे आणि नुसत्या मुठींनी वाघाला लोळवतोय, तर तो सुइकोदेनमधला बुशो. गोंदण, चिनी कपडे, विचित्र हत्यारं दिसली की कियोमासा वगैरे विसरा आणि सुइकोदेनमध्ये शोधा: पाठीवर नऊ ड्रॅगन असलेला शिशिन, जाड लोखंडी दांडा घेतलेला संन्यासी रोचिशिन, तोंडात पातं धरून पाण्यातल्या दाराचे गज वाकवणारा चोजुन.

माझ्या धनुर्धाऱ्याच्या चिलखतावर फुलपाखरू होतं. म्हणजे ताइरा. होडी, धनुष्य, किनाऱ्याकडे नेम. चौकटीतलं नाव एका सहकाऱ्याने वाचून दिलं: नोतो नो कामी नोरित्सुने. ताइरांचा सगळ्यात भारी तिरंदाज. ११८५, याशिमाची लढाई, त्याने योशित्सुनेवर नेम धरला आणि सातो त्सुगुनोबु नावाचा साथीदार मध्ये घोडा घालून तो बाण स्वतःच्या छातीवर घेऊन मेला. म्हणजे मी भिंतीवर लावलेल्या चित्रात बाण अजून सुटायचाय, आणि जो मरणार आहे तो माझ्याकडे नाहीच. तो दुसऱ्या कागदावर आहे.

५. नाव वाचलं म्हणजे खरं नाव मिळालं असं नाही

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून थोडी थांबते. तोकुगावा सरकारला (एदो काळात देशावर राज्य करणारं शोगुनांचं घराणं) आपल्या सत्तेच्या सुरुवातीचा इतिहास चित्रात नको होता. त्यांच्या आधी देशावर सत्ता असलेला हिदेयोशी गेला, त्याच्या मुलाला तोकुगावांनी १६१५ मध्ये ओसाकाला संपवलं, आणि तो हिदेयोशी लोकांना प्रिय होता, चित्रांतून तो परत यायला नको. १८०४ मध्ये उतामारो या चित्रकाराने हिदेयोशीची चित्रं काढली म्हणून त्याला पन्नास दिवस हाताला बेड्या घालून ठेवलं, दोन वर्षांनी तो वारला. त्या वेळी नियम कडक झाला की १५७३ नंतरच्या योद्ध्यांची खरी नावं आणि कुलचिन्हं चित्रात येता कामा नयेत.

मग चित्रकारांनी काय केलं, नावं जरा वाकवली. हिदेयोशीचं झालं माशिबा हिसायोशी. ओदा नोबुनागाचं ओदा हारुनागा. अकेची मित्सुहिदेचं ताकेची मित्सुहिदे. ४७ रोनिनांचा (म्हणजे मालक नसलेल्या सामुराईंचा) पुढारी ओइशी कुरानोसुके नाटकात आणि प्रिंटमध्ये ओबोशी युरानोसुके होतो. बघणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, सेन्सॉरलाही कळत असणार, पण कागदावर नियम पाळलेला. त्यामुळे चौकटीतलं नाव नेटवर टाकून 'असा कोणी नव्हताच' असं उत्तर आलं तर प्रिंट नकली समजू नका, बहुतेक वेळा ते वाकवलेलं नाव असतं.

कधी याच्या उलट व्हायचं. १८४३ मध्ये कुनियोशीने आजारी योरिमित्सू आणि त्याच्या मागे जाळं टाकणारा राक्षसी कोळी असं तीन कागदांचं चित्र काढलं. प्रसंग जुनाच, सगळ्यांना ठाऊक असलेला. पण नुकत्याच कडक सुधारणा लादल्या होत्या, नटांची आणि गणिकांची चित्रं बंद, आणि लोकांनी चित्रातल्या एका साथीदाराच्या कपड्यावरचं चिन्ह बघून ओळखलं की हे तर त्या सुधारणा लादणाऱ्या मंत्री मिझुनो तादाकुनींचं, म्हणजे झोपलेला योरिमित्सू कोण आणि मागची भुतावळ कोण ते ज्याचं त्याने समजावं. एवढी बोंब झाली की प्रकाशकाने स्वतःच प्रिंट परत घेतल्या आणि ठसे नष्ट केले. कुनियोशीचा शिष्य योशितोशी याने १८६८ मध्ये, उएनोला सरकारी सैन्य आणि शोगुनचे शेवटचे निष्ठावंत लढले त्यानंतर, जी योद्ध्यांची मालिका काढली तिच्यावर नावं जुन्या वीरांची आहेत आणि जखमा ताज्या. म्हणून प्रिंट बघताना दोन प्रश्न विचारा: चित्रात साल कोणतं आणि छापल्याचं साल कोणतं.

६. एकटी आहे की तिघींपैकी एक?

मोठे प्रसंग तीन कागदांवर छापायचे, शेजारी शेजारी लावायचे, आणि क्रम उजवीकडून डावीकडे. शंभर-दीडशे वर्षांत हे तीन कागद फार वेळा वेगळे झालेत आणि एकेक कागद 'पूर्ण प्रिंट' म्हणून विकला जातो, कारण प्रत्येक कागदावर सही आणि शिक्का असू शकतो. माझं नेमकं हेच झालं.

ओळखायचं असं: कडेला एखादा हात, घोड्याचं शेपूट, लाट, भाला अर्धवट कापला गेलाय का? योद्धा कागदाबाहेर कोणाकडे तरी बघतोय का? मालिकेचं किंवा प्रसंगाचं शीर्षक कुठेच नाही का, तर ते बहुधा दुसऱ्या कागदावर आहे. एकटा कागद घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, स्वस्त मिळतो आणि सुंदर असू शकतो, फक्त एकट्याचीच किंमत द्या. आणि तिन्ही एकत्र मिळत असतील तर तिन्हींचे रंग, कागदाचा पिवळेपणा आणि कापलेल्या कडा जुळतात का बघा, कधी वेगवेगळ्या छपाईतले तीन जमवून संच केलेला असतो.

७. जुनी, नंतरची, की नक्कल

चार प्रकार असतात. पहिली छपाई, ठसे नवे, रेषा केसासारख्या. नंतरची छपाई, तेच ठसे पण झिजलेले, रेषा तुटलेल्या, आणि आकाशातली किंवा पाण्यातली रंगाची हळूहळू उतरणारी छटा (बोकाशी) गाळलेली किंवा उरकलेली. तिसरी, नंतर कोणीतरी नवे ठसे कोरून हाताने छापलेली प्रत, आणि चौथी मशीनवर छापलेला फोटो.

चौथी ओळखणं सोपं, दहापट भिंगातून ठिपके दिसतात. ठशाच्या छपाईत रंग सपाट आणि कागदात मुरलेला असतो, ठिपक्यांची जाळी नसते. मग कागद उलटा करा (विचारून, दोन्ही हातांनी). मागून रंग थोडा झिरपलेला दिसायला हवा, आणि तिरपा उजेड टाकला तर बारेन घासल्याच्या गोलसर खुणा दिसतात.

तिसरा प्रकार कठीण, कारण हातानेच केलेला असतो, बारेनच्या खुणाही असतात, आणि मुख्य म्हणजे सेन्सॉरचा शिक्कासुद्धा नक्कल केलेला असतो. म्हणून वर ३ नंबरला जे शिकलात ते साल चित्राचं, हातातल्या कागदाचं तेच असेल अशी हमी नाही. इथे म्युझियमचा फोटो कामाला येतो. तीच प्रिंट ऑनलाइन शोधा, फोनवर उघडा, आणि एका ठिकाणाची, म्हणजे समजा कानाजवळच्या केसांची किंवा सहीची, रेषानरेषा जुळवा. ठसा तोच असेल तर रेषा तंतोतंत तिथेच वळतात, झिजलेल्या असतील पण वळण तेच. नवा ठसा असेल तर कुठेतरी वळण चुकतंच. शिवाय दीडशे वर्षांच्या मानाने कागद फार पांढरा आणि कडक असेल तर सावध व्हा. चांगली हाताने केलेली प्रत ही वाईट वस्तू नाही, मी एक घेतली आहे आणि रंग मुळात किती झगझगीत होते ते तिच्यावरूनच कळतं, पण ती प्रत म्हणून घ्यायची.

८. कागदाची तब्येत

पटकन: आकार मोजा, ओबान हा नेहमीचा आकार साधारण ३७-३९ बाय २५-२६ सेंटिमीटर, खूपच कमी भरला तर कडा कापल्यात, आणि कापताना शिक्का किंवा सही गेली असेल तर किंमत पडायला हवी. उजेडासमोर धरून कसरीची भोकं आणि मागून लावलेली ठिगळं बघा. मधली घडी, पाठीमागे चिकटवलेला जाड कागद, विचारा. रंग उडालेत का? जुना कुसुंबी लाल आणि फुलांपासूनचा निळा लवकर उडतो, १८३० च्या आसपास आलेला प्रशियन निळा टिकतो, म्हणून कधी कधी समुद्र ताजा आणि चेहरे फिके असं दिसतं. भडक लाल-जांभळा बहुधा १८६८ नंतरच्या मेइजी काळातल्या रासायनिक रंगांचा, तो दोष नाही, त्या काळाची चव आहे.

९. दुकानात जाताना पिशवीत काय आणि तोंडात काय

टोकियोत जिंबोचो हा जुन्या पुस्तकांचा भाग आहे, तिथे प्रिंटची दुकानं आहेत आणि काहींत खोक्यांतून चाळता येतं. सोबत न्या:

- दहापट भिंग
- छोटा टॉर्च
- मोजपट्टी
- वही, शिक्के आणि कुलचिन्हं काढलेली
- चार्ज केलेला फोन, म्युझियमच्या पानांसकट
- स्वच्छ, कोरडे हात (क्रीम लावू नका)

विचारायचे प्रश्न: मूळ छपाई की नंतरची? एकटी की संचातली? कडा कापल्यात का? कुठे दुरुस्ती किंवा नंतर रंग भरलाय का? आणि हे सगळं पावतीवर लिहून द्याल का, चित्रकार, शीर्षक, साल, छपाई, स्थिती. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगला दुकानदार आनंदाने लिहून देतो, उलट तुम्ही विचारलंत म्हणून खालच्या कप्प्यातलं काहीतरी काढून दाखवतो. जो टाळतो त्याच्याकडून मी घेत नाही. ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटो मागा, मिळाला नाही तर सोडून द्या. आणि भारतात आणायची असेल तर कस्टमसाठी ती पावती लागेलच, नियम आणायच्या आधी स्वतः तपासा, कोणाच्या ऐकीव गोष्टीवर राहू नका.

१०. घरी आणल्यावर

सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, फेव्हिकॉलचा तर विचारही नको. फ्रेम करायची तर आम्लरहित माउंट, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने वरच्या बाजूला दोनच ठिकाणी, काचेला प्रिंट टेकता कामा नये, आणि उन्हाच्या समोरची भिंत नाही. म्युझियममध्ये ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात म्हणून तिथे अंधुक वाटतं. फ्रेमवाल्याला हे सगळं समोर उभं राहून सांगा.

मुंबईत, कोकणात, गोव्यात घर असेल तर पावसाळा हा खरा शत्रू. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल येते आणि कागदावर तपकिरी ठिपके पडतात, ते परत जात नाहीत. जूनच्या आधी उतरवून आम्लरहित फोल्डरमध्ये, आडवी, कोरड्या कपाटात, सिलिका जेल घालून, आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.

मी माझा नोरित्सुने चार महिने भिंतीवर ठेवते आणि बाकीचे महिने फोल्डरमध्ये. उरलेले दोन कागद एका म्युझियमच्या डेटाबेसमध्ये सापडले, रेषा जुळवून बघितल्या, त्याच ठशांच्या आहेत. त्यांची साध्या कागदावर प्रिंटआउट काढून त्याच फोल्डरमध्ये उजव्या बाजूला ठेवली आहेत. पहिल्यात लाटा आणि घोड्याचे पाय. दुसऱ्यात योशित्सुने, आणि त्याच्या पुढ्यात घोडा आडवा घालणारा त्सुगुनोबु.